डोळे मिटून ऐका, वॉल्ट

सेंट लुईस शहरात ओझेला पेटवेला तोंडावरून ओळखणारी माणसं गल्लीपुरती होती. आवाजावरून ओळखणारी मात्र नदीच्या दोन्ही काठांना होती. दुपारी तीनला रेडिओवर डग रीमचा खेळांचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करायचे, आपापली मतं ठोकायचे आणि साठ सेकंद झाले की डग घंटा वाजवून त्यांना तोडायचा. कोणी रडो, कोणी शिव्या देवो, घंटा म्हणजे घंटा. अख्ख्या शहरात एकच बाई अशी होती, जिच्यासाठी सहा वर्षांत डगला घंटेला हात लावावा लागला नव्हता. ओझेला पन्नास सेकंदांत तीन विषय उरकायची आणि उरलेल्या दहांत डगच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायची.

"महापौरांनी रस्त्यांच्या खड्ड्यांसाठी चौदा जणांची समिती नेमलीय," ती सांगायची. "चौदा जणांच्या हातात चौदा फावडी दिली असती, तर अहवाल यायच्या आत रस्ता झाला असता. दुसरं. ते सिनेटर म्हणतात, या देशातला वर्णभेद केव्हाच संपला. त्यांना म्हणावं, माझ्या भाच्याच्या गाडीत बसून एकदा शहराबाहेर फेरी मारून या, पोलिसांचा दिवा मागे लागला की मग बोलू. तिसरं. काल पायलट्सनी अकरा फ्री थ्रो घालवले. अरे लेकरांनो, समोर कोणी उभं नाही, कोणी ढकलत नाही, घड्याळ थांबलंय. आयुष्यात याहून सोपं काही तुम्हाला कोणी देणार नाही. बरं डग, तुझी बायको जिना चढते का आता?"

पायलट्स हा शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. ओझेला एकोणसत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली होती. उत्तर भागातल्या काळ्या मुलांना पहाटे गोळा करायचं आणि तासाभराच्या अंतरावरच्या, शहराबाहेरच्या गोऱ्यांच्या शाळांत सोडायचं. बस चालवणाऱ्या बाईला पोरांना काही सांगायचं तर सिग्नल लाल असेपर्यंतच सांगता येतं. थोडक्यात बोलायची सवय तिला तिथेच लागली.

नवरा हर्शेल तीन वर्षांपूर्वी गेला होता. साखरेच्या दुखण्याने शेवटची सहा वर्षं त्याचे डोळे गेले होते. तोवर तो बागेतल्या दगडी पटांवर बुद्धिबळ खेळायचा. डोळे गेल्यावर पट सुटला, बास्केटबॉल मात्र सुटला नाही, कारण रेडिओवर वॉल्ट ब्रेमर होता. तीस वर्षं पायलट्सच्या प्रत्येक सामन्याचं धावतं समालोचन वॉल्टच करत आला होता. भारदस्त, किंचित घोगरा आवाज. चेंडू कुठे आहे, कोण कुठून धावतोय, कोणाच्या बुटाची नाडी सुटलीय, सगळं तो सांगायचा. हर्शेल खुर्चीत मान मागे टाकून ऐकायचा आणि म्हणायचा, "हा माणूस माझे डोळे आहे." तो गेल्यावरही ओझेलाने रिवाज मोडला नाही. ती टीव्ही लावून त्याचा आवाज बंद करायची आणि शेजारी रेडिओ लावायची. चित्र टीव्हीचं, शब्द वॉल्टचे.

आणि त्यामुळेच ते तिच्या लक्षात आलं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारचा सामना होता. पायलट्सचा किआन टिसडेल, संघातलं चौथं वर्ष असलेला काळा मुलगा, चेंडू घेऊन निघाला. ओझेलाने डोळ्यांनी पाहिलं की त्याने आधी डाव्या हाताने खूण करून एका गड्याला कोपऱ्यात पाठवलं, उजवीकडे बघण्याचं सोंग केलं, समोरचे दोघे फसले, आणि मग तो मोकळ्या वाटेने आत शिरला. रेडिओवर वॉल्ट ओरडला, "काय पाय दिलेत देवाने! विचार करायची गरजच नाही या मुलाला, नुसता वारा!" पुढच्याच मिनिटाला चेंडू बो लिंडग्रेनच्या नडगीवर आपटून नेमका त्याच्याच हातात आला. बो गोरा, मिनेसोटाचा, स्वभावाने चांगला मुलगा. वॉल्ट म्हणाला, "डोकं बघा या पोराचं! चेंडू कुठे येणार हे याला आधीच ठाऊक होतं."

ओझेला हातातली वाटी तशीच धरून बसली. तीस वर्षं हा आवाज घरात होता. तिने पहिल्यांदाच तो ऐकला असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने वही काढली. एका बाजूला डोकं, हुशारी, मेहनत, शिस्त. दुसऱ्या बाजूला पाय, ताकद, उडी, जन्मजात. वॉल्ट जे बोलेल ते कोणाबद्दल बोलला, त्याची रेघ. अकरा सामने तिने असे काढले. रेघा मारताना ती मनोमन वॉल्टच्या बाजूने होती. एखाद्या सामन्यात तरी पारडं सरळ होईल, म्हणून वाट बघायची. एकदा वॉल्टने टिसडेलला 'चतुर' म्हटलं तेव्हा तिने टाळीच वाजवली. पण लगेच तो म्हणाला, "चित्त्यासारखा चतुर."

तिची धाकटी बहीण व्हर्नीस रविवारी चर्चनंतर जेवायला यायची. तिने वही उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, तुला दुसरी कामं नाहीत का? आपल्या लोकांची दुखणी काय थोडी आहेत? दवाखाना बंद झाला, शाळा बंद झाली, आणि तू त्या म्हाताऱ्याचे शब्द मोजत बसलीस!"

"माझ्या बसमधून पोरं उतरायची ना," ओझेला म्हणाली, "तेव्हा शाळेच्या दारात मास्तर उभे असायचे. गोऱ्या पोराला विचारायचे, सध्या काय वाचतोयस? आणि आपल्या पोराला म्हणायचे, बापरे, किती उंच झालास रे! एकतीस वर्षं, व्हर्नीस. वाईट बोलायचे नाहीत हं. कौतुकच करायचे. आणि आपली पोरं कौतुक ऐकून मैदानाकडे जायची."

व्हर्नीसने वही मिटून जागेवर ठेवली. मग म्हणाली, "तरीपण वॉल्टला बोलू नकोस. लोक तुला फाडून खातील."

"खाऊ देत. मी चिवट आहे."

सोमवारी तीनला तिने फोन लावला. त्या दिवशी तिने महापौराला सोडलं, सिनेटरला सोडलं. अकरा सामने, तिने सांगितलं. संघात दहा काळे, चार गोरे. डोक्याचे शब्द चार गोऱ्यांना एकसष्ट वेळा, दहा काळ्यांना नऊ वेळा. पायांचे शब्द काळ्यांना एकशे बारा, गोऱ्यांना सहा. "वॉल्ट ब्रेमर यांचा आवाज मला आवडतो, डग. माझ्या घरात तो प्रार्थनेसारखा ऐकलाय. म्हणूनच सांगतेय. आपली मुलं चेंडू घेऊन विचार करतात हो. मी बघते ना. ते दिसत नसेल तर चष्मा बदला."

डगने घंटा वाजवली नाही.  

मंगळवारी सामना सुरू होण्याआधी वॉल्टने घसा साफ केला. "काही लोक खेळ बघण्याऐवजी शब्द मोजतात असं ऐकतो," तो म्हणाला. "मी तीस वर्षांत कोणाचा रंग पाहिलेला नाही. मी चेंडू पाहतो. चला, सामन्याकडे वळू." आवाजात दुखावल्याचा कंप होता आणि तो सगळ्या शहराने ऐकला.

मग जे व्हायचं ते झालं. डगच्या कार्यक्रमात चार दिवस दुसरा विषय नव्हता. दक्षिण भागातल्या गोऱ्या वस्तीतला एक जण म्हणाला, या बाईला सगळीकडे वर्णभेदच दिसतो. उत्तरेतला एक जण म्हणाला, आमच्या मुलांच्या पायांचं कौतुक झालं तर तुझं काय जातं, म्हातारे? तिचा घरचा नंबर कोणीतरी शोधून काढला. बुधवारी सकाळी एका माणसाने फोनवर जे शब्द वापरले, ते तिने शेवटचे एकोणीसशे अडुसष्ट साली ऐकले होते. तिने फोन ठेवला, हात धुतले आणि घेवडा सोलायला बसली.  त्या दिवशी मात्र तिला घर फार मोठं वाटलं.

गुरुवारी दारात नगरसेवक टेरेन्स बॉयकिन हजर. मागे दोन कॅमेरेवाले. बारा दिवसांवर निवडणूक होती.

"मिस ओझेला!" त्याने दोन्ही हात पसरले. "तुम्ही एकट्या नाही आहात. उद्या अकरा वाजता पायलट्सच्या मैदानासमोर आपण उभे राहू. माझ्या शेजारी तुम्ही. मागणी एकच, वॉल्ट ब्रेमरला काढून टाका!"

"आत ये, टेरेन्स. ते कॅमेरे बाहेर राहू देत. जमीन पुसलीय."

तो आत आला, टोपी काढून उभा राहिला. त्याला बसायला सांगितलं नाही तर तो बसणार नाही हे तिला ठाऊक होतं, कारण चौथीपासून आठवीपर्यंत तो तिच्याच बसमध्ये होता.

"वॉल्टला काढा असं मी कधी म्हटलं?"

"तसं नाही, पण लोकांच्या भावना..."

"मी त्याचे शब्द मागितलेत, त्याची नोकरी नाही. बारा दिवसांनी तू निवडून येशील, त्याच्या जागी कोणी पोरगा येईल आणि तोही 'काय पाय दिलेत' असंच म्हणेल. मला काय मिळालं?"

"मिस ओझेला, राजकारणात संधी साधावी लागते."

"चौथीत असताना तू लमार्कसचा डबा आपला म्हणून खाल्लास. आठवतं? आणि मी आरशातून बघत होते. आज माझं भांडण आपलं म्हणून खायला आलायस. आमच्या गल्लीतले तीन दिवे बंद आहेत टेरेन्स, ऑक्टोबरपासून. ते लाव. त्याचा फोटो काढ, मी शेजारी उभी राहते."

टेरेन्स हसलाच. खजील झाला, पण हसला. जाताना त्याने दिव्यांच्या खांबांचे नंबर लिहून घेतले, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. दिवे पुढच्या आठवड्यात लागले.

शुक्रवारी तिने पुन्हा फोन लावला. डग म्हणाला, "ओझेला, आज तुम्हाला पाच मिनिटं देतो. माझ्या मालकांनीच सांगितलंय."

"नको बाबा. पाच मिनिटं दिली की माणूस भाषण करतो. वॉल्ट ऐकतायत का माहीत नाही. ऐकत असतील तर एक करा, वॉल्ट. तुमचा एखादा जुना सामना काढा. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, दूरच्या संघाबरोबरचा, ज्यातले खेळाडू तुम्हाला आता आठवतही नाहीत. डोळे मिटून ऐका. प्रत्येक नावापुढे लिहा, हा काळा की गोरा. मग फोटो काढून ताडून बघा. तुम्हाला ओळखता आलं नाही, तर याच कार्यक्रमात मी तुमची माफी मागेन, तीही गुडघ्यावर बसून. आणि या वयात बसले तर उठवायला दोन माणसं लागतील, तेवढी पाठवा."

डग हसला, आणि त्याच्याबरोबर कितीतरी गाड्यांमधले लोक हसले असतील. पण वॉल्ट हसला का, ते कोणाला कळलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वॉल्टने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त त्याचं समालोचन बदललं. आधी धो धो वाहायचं ते अडखळायला लागलं. "टिसडेल... आत शिरतोय... आणि बास्केट," एवढंच. जणू प्रत्येक विशेषणाआधी तो दाराची कडी तपासत होता. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा आवाज त्या बाईने खाल्ला. ओझेलालाही टोचणी लागली. नवऱ्याचे डोळे होता हा माणूस, आणि आपण त्याच्या जिभेत काटा घातला, असं तिच्या मनात येऊन जायचं. पण शब्द मागे घ्यावेत असं मात्र एकदाही आलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी दहाला फोन वाजला. तिने उचलून काही न बोलता कानाशी धरला. अनोळखी फोन आला की ती आता तसंच करायची.

"मिसेस पेटवे? मी वॉल्ट ब्रेमर."

 तो आवाज रेडिओतून न येता थेट तिच्या कानात, तिच्या नावासकट येत होता.

"तुमची हरकत नसेल तर मी भेटायला येऊ का?"

"या," ती म्हणाली. "पण मी काही खास रांधणार नाही हं. बुधवारी माझ्याकडे कालचं असतं."

तो अकरा वाजता आला, हातात दक्षिण भागातल्या बेकरीचा लोण्याचा केक. रेडिओवरून ओझेलाने मनात सहा फुटी माणूस उभा केला होता. दारात उभा होता तो बुटका, टक्कल पडलेला, कानात यंत्र घातलेला म्हातारा. समोरच्या घराचे पडदे हलले. ओझेलाने मुद्दाम दार उघडं ठेवलं. बघायचं ते नीट बघा.

कॉफी पुढे आली. तीस वर्षं न थांबता बोललेला माणूस कपाची कड बोटाने पुसत बसला.

"मी ऐकला," तो अखेर म्हणाला. "चौदा वर्षांपूर्वीचा सामना. घरी नाही ऐकला, बायकोने विचारलं असतं. वाणसामानाच्या दुकानापुढे गाडी लावून, काचा वर करून ऐकला. खरं सांगतो, तुम्हाला खोटं पाडायलाच बसलो होतो."

"हं."

"समोरच्या संघाचं एकही नाव आठवत नव्हतं. आमचेही निम्मे विसरलोय. एकूण एकोणीस जण. कागदावर लिहीत गेलो." त्याने कप खाली ठेवला. "एकोणिसांपैकी सतरा बरोबर आले, मिसेस पेटवे."

ओझेलाने मान हलवली. जिंकल्यासारखं तिला वाटलं नाही. "आणि ते दोघे?"

"एक जण दोनच मिनिटं खेळला. त्याच्याबद्दल मी काही बोललोच नव्हतो."

"आणि दुसरा?"

"गोरा निघाला. फार उंच उडायचा."

ओझेलाला हसू आवरेना. आधी तिचे खांदे हलले, मग ती मोठ्याने हसली, आणि वॉल्टही हसायला लागला. पण हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता."

"मला वाटायचं मी त्यांचं कौतुक करतोय. आणि करतही होतो! त्या पोरांचे पाय बघून मला खरोखर..."

"माहीत आहे. ऐकलंय मी तुमचं कौतुक. खरं होतं ते." तिने केकचा तुकडा कापून त्याच्या बशीत ठेवला. "माझा नवरा आंधळा होता, वॉल्ट. शेवटची सहा वर्षं त्याने जे काही पाहिलं ते तुमच्या तोंडून पाहिलं. टिसडेलचं पहिलं वर्ष त्याने ऐकलं आणि मग तो गेला. त्याच्या लेखी टिसडेल म्हणजे एक जोरात पळणारा पोरगा, बस्. हर्शेल बुद्धिबळवाला माणूस. समोरच्याला तीन चाली आधी फसवणारा गडी दिसला की त्याला जेवण सुचायचं नाही. टिसडेल नेमका तसाच खेळतो. माझ्या नवऱ्याला तो मुलगा फार आवडला असता. पण त्याला तो विचार करताना कधी दिसलाच नाही, कारण तुम्ही दाखवला नाही."

वॉल्टने चष्मा काढला. खिशात रुमाल शोधला, मिळाला नाही. तिने टेबलावरचा कागदी रुमाल पुढे केला.

"आता तोंड उघडायची भीती वाटते," तो म्हणाला. "काय बोलू तेच कळत नाही."

"जे दिसतं ते बोला. तुमचं काम तेच तर आहे. तो हाताने खूण करतो, ती सांगा. तो कुठे बघतो, ते सांगा. पायसुद्धा सांगा की! पाय आहेतच त्याला. फक्त त्यावर डोकंही आहे, तेवढं विसरू नका."

दीड तासाने तो गेला. जाताना त्याने हर्शेलच्या फोटोपुढे क्षणभर उभं राहून मान लववली. ओझेलाने ते पाहिलं आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी सामन्याआधी वॉल्ट म्हणाला, "एका बाईंनी मला माझं बोलणं ऐकायला लावलं. मी त्यांना या माइकवरून टोमणा मारला होता. त्यांचं बरोबर होतं, माझं चूक होतं. तीस वर्षं मी तुम्हाला अर्धाच खेळ सांगितला. बाकीचा आता सांगायचा प्रयत्न करतो. सत्तरी आलीय, सांभाळून घ्या." एवढंच. रडणं नाही, सारवासारव नाही. हे वाक्य बोलायला त्या माणसाला किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याला शिव्या घालणारी पत्रं नंतर पोतंभर आली, म्हणतात. त्याने ती डगला दाखवली आणि कामाला लागला.

सुरुवातीला त्याने तोलच घालवला. जो दिसेल त्या काळ्या पोराला बुद्धिमान म्हणायला लागला. एका सामन्यात पायलट्सच्या एका नवख्याने चेंडू सरळ प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत फेकला, आणि वॉल्ट म्हणाला, "विचारपूर्वक प्रयत्न!"

दुसऱ्या दिवशी तीनला ओझेला फोनवर होती. "वॉल्ट, त्या मुलाने एका बाईच्या चिप्सची वाटी उडवली. त्याला विचारपूर्वक म्हणू नका हो. गाढवाला गाढव म्हणा, फक्त सगळ्या रंगाच्या गाढवांना म्हणा."

हळूहळू मात्र गाडी रुळावर आली. एप्रिल संपेपर्यंत वॉल्ट असं काही सांगायला लागला की लोक टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ ऐकू लागले. टिसडेल चेंडू घेऊन उभा राहिला की वॉल्टचा आवाज खाली यायचा. "थांबलाय. घाई नाही. डाव्या कोपऱ्याकडे बघतोय, पण त्याला तिकडे जायचं नाही. समोरच्याने चूक केली, अर्धं पाऊल पुढे टाकलं... टिसडेल याच अर्ध्या पावलाची वाट बघत होता!" टिसडेलच्या आईने मेंफिसहून डगच्या कार्यक्रमात फोन केला. ती म्हणाली, माझा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून बिस्किटांच्या डब्याएवढ्या चेंडूने भिंतीवर कोन मोजत बसायचा, हे आज कोणीतरी पाहिलं.  डगने तिलाही घंटा वाजवली नाही.

पायलट्स अजिंक्यपदाच्या दुसऱ्या फेरीत हरले. निर्णायक सातवा सामना, शेवटचे सहा सेकंद, एका गुणाने मागे. चेंडू टिसडेलकडे. दोघे त्याच्या अंगावर आले. त्याने स्वतः चेंडू मारला नाही. मोकळ्या उभ्या असलेल्या बो लिंडग्रेनला दिला. बोने मारला. चेंडू कड्यावर फिरला आणि बाहेर पडला. वॉल्टने गुणसंख्या सांगितली. मग म्हणाला, "त्याने बरोबर माणूस शोधला. बोने बरोबर मारला. कधी कधी सगळं बरोबर करूनही चेंडू ऐकत नाही."

शहर महिनाभर त्या पासवर भांडलं. त्यातल्याच एका शनिवारी ओझेला बाजारात मासे घ्यायला गेली. रांगेत तिच्या मागे कोणीतरी कुरकुरलं, "एवढा मोठा खेळाडू, आणि शेवटच्या क्षणी कच खाल्ली. स्वतः मारायला नको?"

ओझेला वळली. मागे तिच्याच वयाचे एक काळे गृहस्थ, रविवारची चर्चची टोपी शनिवारीच घातलेले.

"तुम्ही कुठल्या शाळेत होता?" तिने विचारलं. या शहरात ओळखीची सुरुवात याच प्रश्नाने होते.

"समनर. का?"

"समनरसारख्या नावाजलेल्या शाळेचे असून असं बोलता? अंगावर दोघे आहेत, चौदा फुटांवर आपला माणूस मोकळा आहे. तुम्ही काय केलं असतं?"

"मारला असता!"

"आणि हरला असता."

"हरलोच ना आपण!"

"पण नीट हरलो." तिने पर्स काखेत मारली, दोन्ही हात मोकळे केले आणि काउंटरवरच्या दोन लिंबांना बचावाचे खेळाडू करून मांडलं. "हे बघा. हा इथे, हा इथे. आता टिसडेल कुठे बघतोय सांगा."

गृहस्थांनी टोपी मागे सरकवली आणि वाकून बघायला लागले. त्यांच्या मागचे दोघे पुढे सरसावले. एका बाईने तिसरं लिंबू आणून ठेवलं आणि म्हणाली, हा बो. मासेवाला हातात कोयता आणि अर्धा कापलेला मासा घेऊन उभा होता, त्याने एकदा रांगेकडे पाहिलं, मासा बर्फावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमचा टिसडेल चुकीच्या जागी उभा आहे. तो अजून जरा उजवीकडे होता."